एक खेळाडू, दोन करार

गुणी माणसाचे मोल कसे करावे, हा प्रश्न इंदूर-बडोद्याकडील आपल्या घराण्यांस नवा नाही. १९२३ साली होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे १९४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी रचली, तीही होळकरांच्याच संघाविरुद्ध. या दोन्ही दरबारांत गुणांची कदर होती, यात शंका नाही. परंतु ती किती करावी आणि कोठवर करावी, हे ठरविण्याचा अधिकार दरबाराचा होता. आश्रिताने आपले मोल आपण सांगावे, अशी रीत नव्हती.

अशाच तऱ्हेचा एकतर्फी अधिकार अमेरिकेतील बेसबॉल संघांच्या मालकांनी जवळजवळ शंभर वर्षे गाजविला. फरक असा की, ते मालक राजे नव्हते. पेढीवर बसणारे व्यापारी होते. त्यामुळे खेळाडूस बांधून ठेवण्याची राजाची सत्ता त्यांनी घेतली, मात्र त्याला आयुष्यभर सांभाळण्याची राजाची जबाबदारी घेतली नाही. या व्यवहारातील वेतनाचे आकडे, खटले आणि करार वर्तमानपत्रांतून व न्यायालयांच्या दप्तरांतून उपलब्ध आहेत. एखाद्या थोर खेळाडूला कोट्यवधींची मुदतवाढ द्यावी काय, हा वाद आज तेथे दर हंगामात उसळतो. त्याचा उलगडा या जुन्या दप्तरात शिरल्यावाचून होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. दांडू घेतलेला फलंदाज, त्याच्याकडे चेंडू फेकणारा गोलंदाज, आणि मैदानाबाहेर चेंडू टोलवला की ‘होमरन’. मुख्य स्पर्धेत आज तीस संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि शरदात ‘वर्ल्ड सिरीज’ ही अंतिम मालिका होते. एवढी माहिती पुढील कथेस पुरेशी आहे.

मार्च २०१४ मध्ये डेट्रॉइट टायगर्स या संघाने आपला फलंदाज मिगेल कॅब्रेरा याच्याशी नवा करार केला. जुन्या कराराची दोन वर्षे अद्याप शिल्लक होती. ती संपल्यावर म्हणजे २०१६ पासून पुढील आठ वर्षांसाठी त्याला २४ कोटी ८० लाख डॉलर द्यावयाचे ठरले. कॅब्रेरा तेव्हा एकतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. करार संपेल तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला असणार, हे उघड होते.

त्याच्या कर्तृत्वाविषयी कोणाच्या मनात किंतु नव्हता. व्हेनेझुएलातून आलेल्या या खेळाडूने २०१२ साली फलंदाजीची सर्वोच्च सरासरी, सर्वाधिक होमरन आणि संघासाठी मिळवून दिलेल्या सर्वाधिक धावा, असा तिहेरी मुकुट मिळवला होता. १९६७ साली कार्ल यास्ट्रझेम्स्कीने तो मिळवल्यानंतर पंचेचाळीस वर्षांत कोणासही ते साधले नव्हते. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे तो आपल्या लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला होता. प्रश्न एवढाच होता की, जे केले त्याचे मोल द्यावयाचे की जे पुढे करील त्याचे? आणि पुढचेच द्यावयाचे तर एवढी घाई कशासाठी?

या प्रश्नाला आणखी एक धार होती. डेट्रॉइट नगराने जुलै २०१३ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मोटारींच्या कारखान्यांनी उभे केलेले ते शहर ओस पडत चालले होते, आणि निवृत्त नगर-कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात कपात होणार, अशी चिन्हे दिसत होती. पुढे सर्वसाधारण निवृत्त कर्मचाऱ्यांचे मूळ निवृत्तिवेतन साडेचार टक्क्यांनी घटलेही. अशा नगरात एका फलंदाजाला चोवीस कोटी डॉलर, ही बातमी अनेकांस टोचली असल्यास नवल नाही.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. १८७६ मध्ये ‘नॅशनल लीग’ स्थापन झाली, आणि तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, संघमालकांनी आपसांत एक समझोता केला. प्रत्येक मालकाने आपले पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये, असे ठरले. ही पाचाची संख्या वाढत वाढत काही वर्षांत सबंध संघापर्यंत पोहोचली. यालाच राखीव कलम म्हणतात. करार एका वर्षाचा असे. परंतु त्यात असे एक वाक्य असे की, खेळाडूने नव्या करारावर सही न केल्यास मालकास जुना करार आणखी एक वर्ष वाढवता येईल. मालकांचा अर्थ असा की, वाढवलेल्या करारातही तेच वाक्य असते, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. अशा रीतीने एक वर्षाचा करार जन्माचा झाला. मालकाने मात्र खेळाडूला वाटेल तेव्हा काढावे, विकावे किंवा दुसऱ्याच्या बदल्यात देऊन टाकावे.

या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज उठवला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूने. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने १८८५ मध्ये खेळाडूंचा बंधुसंघ काढला, १८८७ मध्ये बेसबॉलचा खेळाडू म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता आहे काय, असा सवाल करणारा लेख लिहिला, आणि १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीगही उभी केली. ती एकच हंगाम टिकली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिल्यावर राखीव कलमाला जणू तटबंदीच मिळाली.

तटबंदीच्या आत थोरांतल्या थोराचेही काय चाले? बेब रूथ हा त्या खेळाचा अनभिषिक्त राजा. बॉस्टनच्या मालकाने त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकले तेव्हा जे एक लाख डॉलर आले ते मालकाच्या खिशात गेले. १९३० मध्ये रूथचे वेतन ८०,००० डॉलर झाले, म्हणजे राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या ७५,००० डॉलरांहून अधिक, आणि त्याची देशभर चर्चा झाली. परंतु ही चढण जितकी लक्षात राहिली तितकी उतरण राहिली नाही. वय वाढले, मंदी आली, आणि १९३३ मध्ये तेच वेतन ५२,००० वर व १९३४ मध्ये ३५,००० वर आले. गतवैभवाची भरपाई करण्याचे बंधन मालकावर नव्हते.

१९३८ चा प्रसंग याहून बोलका आहे. जो डिमॅजिओ तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याने ४०,००० डॉलर मागितले. यांकीजचे मालक जेकब रुपर्ट २५,००० वर अडून बसले. दुसऱ्या कोणत्याही संघाकडे जाण्याची सोय नव्हती. हंगाम सुरू झाला तरी डिमॅजिओ घरी. शेवटी त्याला मालकाच्या आकड्यावर परतावे लागले. आणि तो मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली. मंदीच्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढणाऱ्यास खेळाडूचे पंचवीस हजार दिसत होते. मालकाची तिजोरी दिसत नव्हती. प्रेक्षकाची ही नजर आजही पुष्कळशी तशीच आहे, हे पुढे दिसेल.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लड या खेळाडूस कळविण्यात आले की, त्याची फिलाडेल्फियाला अदलाबदल झाली आहे. बारा हंगाम त्याने त्या संघासाठी घाम गाळला होता. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू गप्प बसला असता तर सुखात राहिला असता. त्याने डिसेंबरात बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून, आपण इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री करण्याची वस्तू नव्हे, असे बजावले आणि न्यायालयाची पायरी चढला. नव्वद हजार घेणाऱ्याने गुलामीची भाषा करावी काय, असे विचारणाऱ्यांस त्याचे उत्तर असे की, पगार भला असला म्हणून गुलामी संपत नाही. खटल्यात जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीस उभा राहिला. चालू हंगामात खेळणारा एकही खेळाडू मात्र फिरकला नाही. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात कौल दिला. तोवर त्याची कारकीर्द संपलीच होती.

जे न्यायालयात साधले नाही ते लवादापुढे साधले. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडू संघटनेचे प्रमुख झाले होते. १९७५ च्या हंगामात अँडी मेसरस्मिथ हा गोलंदाज करारावर सही न करताच खेळला, आणि हंगाम संपल्यावर मिलर यांनी प्रश्न टाकला की, एक वर्ष म्हणजे किती वर्षे? २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्स यांनी उत्तर दिले: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्स यांना तत्काळ लवादपदावरून दूर केले. परंतु शहाण्णव वर्षांचे कलम ढासळले ते ढासळलेच.

यानंतर जे घडले त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि आपल्या प्रश्नाची खरी किल्ली तेथेच आहे. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ले म्हणाले, सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करून टाका. इतर मालकांनी त्यांचे ऐकले नाही, आणि मिलर यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले असते तर मालाची रेलचेल होऊन भाव पडले असते. १९७६ मध्ये तडजोड झाली ती अशी की, सहा वर्षांची सेवा झाल्यावरच खेळाडू मोकळा होईल. बाजारात थोडेच खेळाडू येत राहिले आणि जे आले त्यांचे भाव चढले. १९७५ मध्ये सरासरी वेतन ४५,००० डॉलरांच्या आसपास होते. २०२५ च्या हंगामारंभी ते ५१ लाखांवर पोहोचले होते.

मालकांनी हातपाय हलवले नाहीत असे नाही. १९८५ नंतर त्यांनी गुपचूप संगनमत करून एकमेकांच्या मोकळ्या खेळाडूंस बोली लावणेच बंद केले. तेव्हा आंद्रे डॉसनने शिकागो कब्जला कोरा करार सही करून दिला. त्यांनी त्यावर पाच लाख डॉलर हा आकडा भरला, आणि त्या वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, तळाला गेलेल्या संघात असूनही तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. हे संगनमत सिद्ध होऊन मालकांना १९९० मध्ये २८ कोटी डॉलर भरपाई मान्य करावी लागली.

तर सहा वर्षांच्या या तडजोडीचा परिणाम काय झाला? तरुण खेळाडू साधारण बावीस ते चोविसाव्या वर्षी मोठ्या संघात येतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास मिळते, पुढची तीन लवादाने ठरवलेले. मोकळा होतो तो तिशीच्या सुमारास. आणि फलंदाजाच्या अंगातील कस सर्वाधिक असतो तो सामान्यतः सव्वीस ते एकोणतीस या वयात. म्हणजे पीक येते तेव्हा शेतकऱ्यास भाव नाही, आणि भाव येतो तेव्हा शेत उताराला लागलेले. तिशीतील अवाढव्य करार हा बराचसा या आधीच्या वर्षांची थकबाकी असतो. लोक तो भविष्याचा सौदा समजून तपासतात आणि म्हणून खेळाडूवर चिडतात.

कॅब्रेराच्याच जमाखर्चाकडे पाहू. २००३ मध्ये वीस वर्षांचा कॅब्रेरा फ्लोरिडा मार्लिन्ससाठी उतरला आणि त्याच वर्षी त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढची तीन वर्षे तो किमान वेतनाच्या जवळपासच खेळला. २००७ मध्ये लवादाने त्याला ७४ लाख डॉलर दिले. त्याच डिसेंबरात संघाने त्याला डेट्रॉइटच्या स्वाधीन केले. डेट्रॉइटने मार्च २००८ मध्ये, तो पंचवीस वर्षांचा होण्याआधीच, आठ वर्षांसाठी १५ कोटी २३ लाख डॉलरांची पहिली मुदतवाढ दिली. हा करार २००८ ते २०१५ असा होता. या आठ वर्षांत त्याने चार वेळा फलंदाजीतील अव्वल सरासरी राखली, तिहेरी मुकुट मिळवला, दोनदा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, आणि संघ २०११ पासून सलग चार वर्षे बाद फेरीत व २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. खुल्या बाजारात या आठ वर्षांचे मोल पंधरा कोटींहून पुष्कळ अधिक झाले असते. पहिल्या करारात मालकाने कमावले.

दुसरा करार २०१६ ते २०२३ असा. २०१६ चा हंगाम उत्तम गेला. नंतर पाठ दुखू लागली. २०१८ मध्ये दंडाचा स्नायू तुटला आणि हंगाम बुडाला. वर्षाला तीन कोटींच्या आसपास घेणारा हा थोर फलंदाज पुढे सामान्य फलंदाजांच्या पंक्तीत आला. संघ या आठही वर्षांत एकदाही बाद फेरीत गेला नाही; २०१९ मध्ये तर तो ११४ सामने हरला. दुसऱ्या करारात मालकाने गमावले.

दोन्ही करार एकाच वहीत मांडले तर सोळा वर्षांचे सुमारे ४० कोटी डॉलर होतात. त्या सोळा वर्षांतील कामगिरीच्या मानाने हा आकडा अवाजवी म्हणता येणार नाही. निव्वळ दुसराच करार घेतला तर मात्र तो चुकीचा होता, आणि ते २०१४ मध्येही दिसत होते. दोन वर्षे हाताशी असताना, खेळाडू तिशी ओलांडत असताना, थांबण्याने संघाचे काही बिघडत नव्हते. मग घाई का झाली? संघाचे मालक माइक इलिच हे पिझ्झाच्या दुकानांतून उभे राहिलेले उद्योगपती. तरुणपणी ते याच संघाच्या कनिष्ठ शाखेत खेळले होते, आणि २०१४ मध्ये त्यांनी वयाची चौऱ्याऐंशी वर्षे ओलांडली होती. आयुष्यात आपल्या संघाने एक वर्ल्ड सिरीज जिंकलेली पाहावी ही त्यांची आस जगजाहीर होती. म्हाताऱ्या माणसाच्या घाईचा हिशेब कोष्टकात बसत नाही.

याच महिन्यात याच संघाने मॅक्स शर्झर या आपल्या गोलंदाजापुढे सहा वर्षांसाठी १४ कोटी ४० लाखांचा प्रस्ताव ठेवला होता. त्याने तो नाकारला. पुढील जानेवारीत तो मोकळा होऊन वॉशिंग्टनकडे सात वर्षांसाठी २१ कोटींवर गेला, आणि तेथे २०१६ व २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट गोलंदाज ठरून २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून देणाऱ्या संघात होता. तोही तेव्हा तिशीचाच होता. तेव्हा वयाचा नियम अगदी लोखंडी नाही, हेही नमूद केले पाहिजे. शरीर कोणाला कधी दगा देईल, हे करार करणाऱ्यास कळत नाही. म्हणूनच करारात जोखीम असते आणि जोखमीला किंमत असते.

सेंट लुईसने याच्या उलट वाट धरली. अल्बर्ट पुहोल्स याला त्या संघाने २००४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, सात वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले. तीन वेळा तो सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. २००६ आणि २०११ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. २०११ च्या डिसेंबरात तिशी ओलांडलेल्या पुहोल्सला एंजल्स या कॅलिफोर्नियातील संघाने दहा वर्षांसाठी २४ कोटी देऊ केले, आणि सेंट लुईसने त्याला जाऊ दिले. चाहते हळहळले. परंतु तो गेल्याच्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीत मिळालेल्या संधीतून त्यांनी मायकेल वाका हा गोलंदाज घेतला, आणि २०१३ मध्ये त्याच्या बळावर पुन्हा वर्ल्ड सिरीज गाठली. एंजल्सना पुहोल्सच्या साऱ्या मुक्कामात बाद फेरी एकदाच दिसली, आणि मे २०२१ मध्ये त्यांनी त्याला मुक्त केले. २०२२ मध्ये तो २५ लाखांवर सेंट लुईसला परतला, सातशे होमरनचा टप्पा ओलांडला आणि सन्मानाने निवृत्त झाला. सेंट लुईसने त्याचे तारुण्य स्वस्तात घेतले आणि वार्धक्याचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर दिला. हिशेब चोख, मात्र त्याला न्याय म्हणता येईल काय?

अलीकडे संघ शहाणे झाले आहेत. थकबाकी साचण्याआधीच ते तरुणास गाठतात. २०१९ मध्ये अटलांटाने ऑझी अल्बीज या बावीस वर्षांच्या खेळाडूस सात वर्षांसाठी ३ कोटी ५० लाखांवर बांधून घेतले, तेव्हा हा सौदा मुलाच्या अंगावर बेतणारा आहे, अशी टीका झाली. कोवळ्या वयात दुखापतीची धास्ती असते, घरची गरज असते, आणि आजचा एक कोटी उद्याच्या पाच कोटींहून मोठा वाटतो. दुसऱ्या टोकाला टोरांटोने एप्रिल २०२५ मध्ये सव्वीस वर्षांच्या व्लादिमिर गेरेरो ज्युनियरला चौदा वर्षांसाठी ५० कोटींची मुदतवाढ दिली, आणि त्याच वर्षी संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. तो करार वाजवी होता की नाही, हे २०३९ मध्ये कळेल. तोवर त्याच्या उतारवयातील कोणत्या तरी हंगामात लोक म्हणतीलच की, हा एवढ्याच्या लायक नाही.

मग दिवाळखोर नगरातील निवृत्तांचे काय? कॅब्रेराला न दिलेले चोवीस कोटी त्यांच्या घरी गेले नसते. ते इलिच कुटुंबाकडेच राहिले असते. वेतन घटले म्हणून मालक तिकिटाचा दर उतरवीत नाही. जेवढे लोक देण्यास तयार असतील तेवढा दर तो लावतो. १९३८ मध्ये डिमॅजिओची हुर्यो उडवणाऱ्यांचे जे चुकले तेच येथेही चुकते. खेळातून येणारा पैसा मालक आणि खेळाडू यांत वाटला जातो, आणि त्यांतील एकाचा आकडा रोज छापून येतो, दुसऱ्याचा येत नाही.

रागवायचेच असेल तर दुसरी जागा आहे. कनिष्ठ शाखांतून खेळणारी हजारो मुले वर्षानुवर्षे तुटपुंज्या वेतनावर राबत. सर्वांत वरच्या कनिष्ठ श्रेणीतसुद्धा वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळत; २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेने पहिला सामूहिक करार केला तेव्हा ते ३५,८०० झाले. यांतील बहुतेक मोठ्या संघात कधी पोहोचत नाहीत, आणि जे पोहोचतात त्यांतील पुष्कळ सहा वर्षे पुरी होण्याआधी बाहेर पडतात. त्यांचीही थकबाकी असते. ती कोणी फेडत नाही. कॅब्रेराला जे मिळाले ते अधिक होते असे म्हणण्यापेक्षा, त्याच्यासारख्या मोजक्यांनाच ते मिळते आणि तेही उशिरा मिळते, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल.

सरतेशेवटी पुन्हा आपल्या दरबारांकडे येऊ. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि काही वर्षांतच होळकरांचा तो नामांकित संघही इतिहासजमा झाला. नायडू मात्र खेळतच राहिले. १९५६-५७ च्या हंगामात एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामन्यात उतरले. राजाश्रयात माया असते, मानमरातब असतो. परंतु तो राजाच्या गादीला बांधलेला असतो. गादी गेली की आश्रयही जातो, आणि तक्रार करावयास जागा नसते.

माइक इलिच फेब्रुवारी २०१७ मध्ये वारले. वर्ल्ड सिरीजमधील विजय त्यांना दिसला नाही. ज्याच्या हौसेपोटी करार झाला तो माणूसच उरला नाही. खेळाडूचा कस उतरला. संघ तळाला गेला. तरीही इलिच यांच्या वारसांनी कराराची पुढची सात वर्षे पुरी केली, कारण कागदावर सही होती, आणि त्या सहीमागे वॉर्ड, फ्लड आणि मेसरस्मिथ उभे होते. डेट्रॉइटच्या रहिवाशांना त्या वर्षांत विजय फारसे दिसले नाहीत. पण ऑगस्ट २०२१ मध्ये कॅब्रेराचा पाचशेवा होमरन झाला, आणि एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच मैदानावर त्याचा तीन हजारावा यशस्वी फटका लोकांनी डोळ्यांनी पाहिला. हे दोन्ही टप्पे गाठणारा तो सातवाच खेळाडू.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचा शेवटचा सामना झाला. दोन वर्षे तो क्षेत्ररक्षणास उतरलाच नव्हता. केवळ फलंदाजी करीत असे. त्या दिवशी आठव्या डावात त्याला पहिल्या बेसवर उभे केले. योगायोगाने पहिलाच चेंडू जमिनीवरून त्याच्याकडे आला. त्याने तो अडवला, बेसवर पाय ठेवला, फलंदाज बाद झाला. लोक उभे राहिले. करारातील शेवटच्या दिवसाचे काम त्याने पुरे केले होते.